भीमातीरावरील वृद्ध बादशहा

दौंडहून मनमाडकडे निघालेली आगगाडी स्थानक सोडते न सोडते तोच भीमेच्या पुलावर येते. पूल ओलांडला की पुणे जिल्हा मागे पडतो आणि नगरची हद्द लागते. याच नदीच्या काठाने थोडे खाली गेले की पलीकडच्या तीरावर पेडगावचा भुईकोट दिसतो. अलीकडे दौंड तालुक्यातला ऊस आणि पलीकडे पडक्या तटाची काळपट रेघ, असे ते दृश्य आहे. गतवर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील तरुणांना घेऊन आम्ही तेथे गेलो होतो. आत यादवकालीन देवळे आहेत, ढासळलेल्या इमारती आहेत आणि बाभळीचे रान माजलेले आहे. मोगल सुभेदार बहादूरखान कोकलताश याच्या नावावरून या किल्ल्याला बहादूरगड म्हणू लागले. अलीकडे त्याला धर्मवीरगड हे नाव मिळाले आहे. ते का मिळाले, हे मराठी वाचकास सांगावयास नको. संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजी महाराजांना १६८९ च्या फेब्रुवारीत येथेच औरंगजेबापुढे उभे करण्यात आले.

ती हकीकत मुलांना ठाऊक होती. परंतु हाच बादशहा पुढे सोळा वर्षांनी, १७०५ च्या अखेरीस, पालखीत पडून याच किल्ल्यात परत आला होता हे त्यांच्यापैकी कोणासही माहीत नव्हते. तेव्हा त्याचे वय सत्त्याऐंशी वर्षांचे होते. एका मोठ्या आजारातून तो नुकताच उठला होता. येथून तो अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) गेला आणि तेथेच वर्षभराने त्याचा अंत झाला. त्या शेवटच्या वर्षात त्याला सर्वांत अधिक भय वाटत होते ते मराठ्यांचे नव्हे, तर स्वतःच्या पोटच्या पुत्रांचे. या लेखात आम्हांला सांगावयाचे आहे ते एवढ्याच गोष्टीविषयी.

वाचकहो, वृद्ध राजा आणि त्याचे वयात आलेले पुत्र ही कथा जगात फार जुनी आहे. दावीद राजा आपल्या बंडखोर पुत्राच्या, अबशालोमाच्या, मृत्यूची वार्ता ऐकून विजयाच्या दिवशी रडत बसला, हे आपण पवित्र शास्त्रात वाचतो. दहाव्या शतकाच्या अखेरीस डेन्मार्कचा राजा हॅराल्ड ब्लूटूथ याच्याविरुद्ध त्याचा पुत्र स्वेन उठला. घायाळ झालेल्या त्या म्हाताऱ्या राजाला देश सोडून पळावे लागले आणि परमुलखातच त्याने प्राण सोडला असे जुने इतिहासकार लिहितात. इंग्लंडचा दुसरा हेन्री याच्याशी त्याच्या मुलांनी ११७३ पासून वैर मांडले. ११८९ मध्ये तो शिनाँ येथे मृत्युशय्येवर असताना विश्वासघातक्यांची यादी त्याला दाखवण्यात आली, तेव्हा तीत पहिलेच नाव त्याच्या लाडक्या धाकट्या पुत्राचे, जॉनचे, होते. म्हणजे औरंगजेबाचे दुःख काही जगावेगळे नव्हते. तरी त्याच्या बाबतीत एक विशेष आहे. पुत्र बापावर कसा उलटतो हे त्याला कोणी शिकवण्याची गरज नव्हती. तो धडा त्याने स्वतःच घालून दिला होता.

१६५७ च्या सप्टेंबरात बादशहा शहाजहान दिल्लीत आजारी पडला. त्याच्या चार पुत्रांत गादीसाठी युद्ध पेटले. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार होता. तो सैन्य घेऊन उत्तरेस गेला, थोरल्या दाराचा पराभव त्याने केला आणि १६५८ च्या जूनमध्ये आग्र्याच्या किल्ल्याला वेढा दिला. किल्ल्याला यमुनेचे पाणी मिळत असे ते त्याने तोडले. हिंदुस्थानच्या बादशहाला भर उन्हाळ्यात विहिरीचे मचूळ पाणी प्यावे लागले. शेवटी वृद्ध पित्याने दरवाजे उघडले. त्या दिवसापासून १६६६ च्या आरंभी मृत्यू येईपर्यंत शहाजहान किल्ल्यात कैदेत राहिला. या साडेसात वर्षांत औरंगजेब त्याला एकदाही भेटला नाही. दारा आणि मुराद या दोघा भावांचा त्याने वध करविला आणि शुजा आराकानात परागंदा होऊन नष्ट झाला.

यातील एक तपशील आम्हांला नेहमी विचारात पाडतो. आग्र्याच्या किल्ल्याचा ताबा घेण्यासाठी औरंगजेबाने पाठविले ते आपल्या थोरल्या मुलाला, मुहंमद सुलतानाला. नातवाच्या हातून आजोबा कैद झाला. आपण मुलाला काय दाखवीत आहोत याचा विचार त्या क्षणी बापाच्या मनात आला असेल काय? पुढच्याच वर्षी, १६५९ मध्ये, हा मुहंमद सुलतान बापाचा पक्ष सोडून शुजाकडे गेला. नंतर परत आला तेव्हा बापाने त्याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात डांबले. त्याच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग कैदेत गेला आणि १६७६ मध्ये तो मरण पावला.

औरंगजेबाला एकूण पाच पुत्र झाले. सुलतानानंतर मुअज्जम, मग आझम, मग अकबर आणि सर्वांत धाकटा कामबक्ष. यांपैकी अकबर हा फार लाडका. त्याचा जन्म १६५७ च्या सप्टेंबरातला, म्हणजे शहाजहान आजारी पडला त्याच महिन्यातला. पुढच्याच महिन्यात त्याची आई दिलरस बानू वारली. छत्रपती संभाजीनगरला जो बिबीका मकबरा आपण पाहतो तो याच स्त्रीच्या कबरीवर उभा आहे. आईविना वाढलेल्या या मुलावर बापाचा जीव होता. आणि १६८१ च्या जानेवारीत याच मुलाने राजपुतांच्या साहाय्याने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले व तो अजमेरकडे बापावर चालून आला.

औरंगजेबापाशी त्या वेळी फौज थोडी होती. अकबराने त्वरा केली असती तर इतिहास कदाचित वेगळा झाला असता. बापाने तलवारीऐवजी लेखणी उचलली. राजपुतांना ठरल्याप्रमाणे सापळ्यात आणल्याबद्दल शाबासकी देणारे एक खोटे पत्र त्याने अकबराच्या नावे लिहिले आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी व्यवस्था केली. रातोरात राजपूत छावणी सोडून गेले. सकाळी अकबर जागा झाला तो जवळजवळ एकटाच. पुढे बाप-लेकांत जो पत्रव्यवहार झाला त्यात अकबराने बापाला उलट त्याच्याच पूर्वायुष्याची आठवण करून दिली. आपण शहाजहानशी जसे वागलात तसाच मी चाललो आहे, असा त्याचा आशय होता. याला बापापाशी उत्तर नव्हते.

अकबराचा कट उघडकीस आला तेव्हा त्याच्याशी पत्रव्यवहार ठेवल्याबद्दल बादशहाने आपल्या विदुषी कन्येला, झेबुन्निसेला, सलीमगडात कैद केले. अकबराला मात्र दुर्गादास राठोडाने दक्षिणेत आणले. १६८१ च्या जूनमध्ये तो संभाजी महाराजांच्या राज्यात, पालीच्या परिसरात, येऊन राहिला. मोगल बादशहाचा पुत्र मराठ्यांच्या आश्रयाला आला, ही बातमी औरंगजेबाची झोप उडविण्यास पुरेशी होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याने अजमेर सोडले. दक्षिण जिंकण्याची इच्छा त्याला पूर्वीपासून होतीच, परंतु त्याला तडकाफडकी नर्मदेपलीकडे ओढून आणले ते या पळालेल्या मुलाने. एकदा दक्षिणेत उतरलेला हा बादशहा पुन्हा कधीही दिल्लीस गेला नाही. अकबर १६८७ च्या आरंभी राजापुराहून जहाजाने इराणला निघून गेला आणि बापाच्या हयातीतच परदेशी मरण पावला.

अकबराने समुद्राची वाट धरली त्याच सुमारास गोवळकोंड्याच्या वेढ्यात दुसरा पुत्र मुअज्जम कुतुबशहाशी गुप्तपणे पत्रव्यवहार करतो असा संशय बादशहाला आला. मुअज्जमला त्याच्या मुलांसह पकडण्यात आले. मुलाला अटक करवून औरंगजेब जनान्यात गेला आणि चाळीस वर्षे जे उभारले ते आपल्याच हाताने जमीनदोस्त केले असे म्हणत मांड्यांवर हात मारून विलाप करू लागला, असे सांगतात. तरीही मुअज्जम आठ वर्षे कैदेत राहिला. १६९५ मध्ये सुटका झाल्यावर त्याला उत्तरेस पाठविण्यात आले. काबूलचा सुभा त्याला मिळाला, पण बापाचे दर्शन पुन्हा झाले नाही. धाकट्या कामबक्षाचीही तीच गत. जिंजीच्या वेढ्यात तो मराठ्यांशी संधान बांधतो आहे असे दिसून आल्यावर बादशहाच्याच सेनापतींनी त्याला तंबूत कैद केले. अशा रीतीने पाचांपैकी चौघे केव्हा ना केव्हा बापाचे बंदी झाले किंवा बापाचे वैरी झाले. राहिला आझम, त्याच्याकडे आपण पुढे वळू.

आता पुन्हा भीमेच्या काठी येऊ. १६८९ च्या फेब्रुवारीत बहादूरगडावर औरंगजेबाने आपल्यापुढे उभा पाहिला तो केवळ शत्रूचा राजा नव्हता. ज्याने आपल्या बंडखोर मुलाला सहा वर्षे आसरा दिला तो हा पुरुष होता. तेथून बादशाही छावणी भीमेच्या काठाकाठाने वर सरकली आणि ११ मार्च १६८९ रोजी अनन्वित छळानंतर संभाजी महाराजांचा वध झाला. मोगल कागदपत्रे कोरेगावचे नाव घेतात. मराठी परंपरा भीमा-इंद्रायणीच्या संगमावरील तुळापूर सांगते. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे महाराजांची समाधी आहे. मृत्यूसमयी त्यांचे वय अवघे एकतीस वर्षांचे होते. त्याच वर्षी रायगड पडला आणि त्यांचा सात वर्षांचा पुत्र शाहू मातोश्री येसूबाईंसह मोगलांच्या छावणीत कैदी म्हणून आला.

याच नदीकाठाशी दुसऱ्या एका पित्याची आणि पुत्राची आठवण जडलेली आहे. त्या आठवणीवाचून औरंगजेबाची गोष्ट पुरी होत नाही.

संभाजी महाराज कैदी होऊन बहादूरगडावर आले त्याच्या दहा वर्षे आधी त्यांचा आणि या मोगल छावणीचा एकदा संबंध आला होता. शिवाजी महाराज १६७७-७८ च्या कर्नाटक मोहिमेवरून परत आले तेव्हा घरात बेबनाव माजलेला होता. थोरला पुत्र एकवीस वर्षांचा, धाकटे राजाराम आठ वर्षांचे, आणि गादीचा प्रश्न सर्वांच्या मनात. १६७८ च्या डिसेंबरात संभाजीराजे परळी सोडून दिलेरखानास जाऊन मिळाले. दिलेरखानाची फौज तेव्हा बहादूरगडाकडेच होती. पित्याच्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण प्रहार म्हटला पाहिजे. पुढील एप्रिलात भूपाळगड मोगलांच्या हाती पडला आणि दिलेरखानाने शेकडो शिबंदीचे हात तोडले. हे सारे युवराज शत्रूच्या छावणीत असताना घडले. वर्षभरात संभाजीराजांना आपण कोठे आलो हे उमगले. १६७९ च्या अखेरीस ते अथणीच्या बाजूने निसटले आणि पन्हाळ्यास परत आले.

पिता काय करील? राजनीतीचा विचार केला तर अटक करणे साहजिक होते. औरंगजेबाने याहून क्षुल्लक कारणासाठी मुले कैद केली होती. परंतु १६८० च्या जानेवारीत शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यास गेले आणि पिता-पुत्रांची भेट झाली. पुढे राजाराम महाराजांच्या पदरी असलेल्या कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत या भेटीचे वर्णन केले आहे. महाराजांनी मुलाला जवळ घेऊन समजाविले, दोघा भावांत राज्याची वाटणी करण्याचा विचार बोलून दाखविला, असे तो लिहितो. बखरीतील शब्द जसेच्या तसे घ्यावेत असे नाही. पण मुलाला न साखळी पडली, न अंधारकोठडी, हे निश्चित.

येथे आम्ही वाचकांपुढे गोड चित्र उभे करून थांबू इच्छित नाही. ही दिलजमाई पुरी झाली नाही. संभाजीराजांना पन्हाळ्यावरच ठेवण्यात आले, आणि तेही विश्वासू माणसांच्या देखरेखीखाली. मार्चमध्ये रायगडावर राजारामांचे लग्न झाले त्याला ते नव्हते. ३ एप्रिल १६८० रोजी महाराजांनी देह ठेवला तेव्हाही थोरला पुत्र जवळ नव्हता. पन्नाशीतल्या पित्याला काळाने अवधी दिला नाही. तथापि जी भेट झाली तिचे फळ पुढे दिसले. जो युवराज एकदा मोगलांना मिळाला होता, तोच छत्रपती झाल्यावर नऊ वर्षे मोगलांशी झुंजला आणि मरणाच्या दारातही त्यांना शरण गेला नाही. दार उघडे ठेवणाऱ्या पित्याला जे मिळाले ते खोटे पत्र लिहिणाऱ्या पित्याला कधीच मिळाले नाही.

औरंगजेबाची दक्षिणेतील वर्षे मात्र छावणीतच जात राहिली. विजापूर आणि गोवळकोंडा त्याने जिंकले. मोगल साम्राज्य एवढे विस्तीर्ण पूर्वी कधी झाले नव्हते. १६९५ च्या मार्चमध्ये जेमेल्ली कारेरी हा नेपल्सचा प्रवासी कृष्णाकाठी गलगले येथील छावणीत त्याला भेटला. छावणीचा घेर तीस मैलांचा असल्याचे त्याने लिहिले आहे. त्या अफाट तंबूनगरीच्या मध्यभागी त्याला दिसला तो ठेंगणा, सडपातळ, वाकलेला, शुभ्र दाढीचा एक म्हातारा. काठीवर टेकून उभा राहून तो लोकांचे अर्ज चष्म्यावाचून वाचीत होता आणि त्यांवर स्वहस्ते शेरे मारीत होता. हा म्हातारा कष्टाळू होता, साधा राहत असे, नमाजाची वेळ चुकवीत नसे. त्याचे गुण नाकारण्याचे आम्हांला कारण नाही. त्याचे दुःख गुणांच्या अभावातून आलेले नव्हते.

पुढे सुमारे साडेचार वर्षे त्याचा मुक्काम भीमेवरील ब्रह्मपुरीस होता. १६९९ मध्ये तो स्वतः किल्ले घेण्यास निघाला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असे किल्ले तो एकेक करून घेत गेला. कित्येक पैसे देऊन घेतले, आणि त्याची पाठ फिरताच मराठे ते पुन्हा घेऊ लागले. १७०० मध्ये खवासपुरास माण नदीला एका रात्रीत पूर आला. त्या धांदलीत पडून त्याचा गुडघा दुखावला आणि तो कायमचा लंगडा झाला. १७०३ मध्ये छावणी पुण्यास असताना कामबक्षाचा मुलगा मुहिउल्मिलत तेथे वारला. नातवाच्या आठवणीसाठी आजोबाने पुण्याचे नाव मुहियाबाद ठेवले. ते नाव टिकले नाही. परंतु आपल्या पुण्याला काही काळ एका मेलेल्या मुलाचे नाव होते ही गोष्ट वाचून आम्हांला त्या कठोर म्हाताऱ्याविषयी क्षणभर वेगळे वाटले. मेलेल्यावर त्याला माया करता येत होती. जिवंत होते त्यांचीच त्याला भीती वाटे.

१७०५ मध्ये कृष्णेजवळ देवापूर येथे तो इतका आजारी पडला की छावणीत हाहाकार उडाला. बरा होताच त्याने परतीची वाट धरली. पालखीतून, अत्यंत मंद गतीने. हजारो मराठे स्वार सभोवार घिरट्या घालीत होते, मागे पडलेल्यांना लुटीत होते. डिसेंबरात तो बहादूरगडाला आला. ज्या किल्ल्यात त्याने आपला सर्वांत मोठा विजय पाहिला होता त्याच किल्ल्यात त्याने आता काही आठवडे विसावा घेतला. १७०६ च्या जानेवारीत तो अहमदनगरला पोचला. चोवीस वर्षांपूर्वी याच भागातून तो दक्षिण जिंकण्यास गेला होता. आता हा आपल्या प्रवासाचा शेवट आहे, असे त्याने त्या मुक्कामी म्हटले.

तेथे त्याला आपल्या वाढलेल्या पुत्रांस तोंड द्यावयाचे होते. आझम गुजरातचा सुभेदार होता, वय बावन्न-त्रेपन्न. बाप थकला हे समजताच त्याने विनंती केली की गुजरातची हवा आपल्याला मानवत नाही, तरी हुजुरात येण्याची परवानगी व्हावी. अर्ज वाचून औरंगजेब नाराज झाला. असाच अर्ज आपण शहाजहानला त्याच्या आजारपणात लिहिला होता, हे त्याने बोलून दाखविले. माणसाला कोणतीही हवा मानवते, मानवत नाही ती फक्त हव्यासाची हवा, अशा अर्थाचे उत्तर तेव्हा बापाने आपल्याला दिले होते, असेही तो म्हणाला. सुमारे पन्नास वर्षांपूर्वीचे वाक्य म्हाताऱ्याच्या स्मरणात जसेच्या तसे होते. तरीही अखेर आझमला येऊ देण्यात आले.

आझम आला आणि छावणीत धाकट्या कामबक्षाच्या जिवाला धोका निर्माण झाला. आझम त्याच्यावर हल्ला करील म्हणून बादशहाला एका विश्वासू सरदारास सशस्त्र पहाऱ्यासह कामबक्षाच्या भोवती ठेवावे लागले. म्हणजे जगातील सर्वांत श्रीमंत बापाला एका मुलापासून दुसऱ्या मुलाचे रक्षण करण्यासाठी पहारेकरी नेमावे लागले! १७०७ च्या फेब्रुवारीत त्याने कामबक्षाला विजापुरास पाठविले. मग चारच दिवसांनी आझमला माळव्याकडे रवाना केले. आपल्या मृत्यूच्या वेळी एकही पुत्र छावणीत नसावा अशी तजवीज त्याने स्वतःच्या हाताने केली. शहाजहानचे जे झाले ते आपले होऊ नये, हेच त्याचे शेवटचे राजकारण होते.

३ मार्च १७०७ रोजी पहाटेची प्रार्थना आटोपल्यावर त्याने प्राण सोडला. वय अठ्ठ्याऐंशी. उशाशी कन्या झीनतुन्निसा होती. मरणापूर्वी आझम व कामबक्ष यांना त्याने लिहिलेली पत्रे प्रसिद्ध आहेत. आपण एकटे आलो आणि एकटे चाललो, आयुष्य व्यर्थ गेले, पापांचे ओझे बरोबर आहे, असा त्यांचा सूर आहे. टोप्या शिवून मिळविलेल्या चार रुपये दोन आण्यांतून आपले कफन करावे असे त्याने लिहून ठेवले होते. खुलताबादची त्याची साधी, उघडी कबर पुष्कळांनी पाहिली असेल. परंतु त्याचे मृत्युपत्र म्हणून जो लेख प्रसिद्ध आहे त्यात दुसरेही एक कलम आढळते. राजाने आपल्या पुत्रांवर कधी विश्वास ठेवू नये, आयुष्यभर त्यांच्याशी सलगी करू नये, असा तो उपदेश आहे. शहाजहानने दाराचे फाजील लाड केले नसते तर त्याच्यावर तशी पाळी आली नसती, असे कारणही तेथे दिले आहे. एवढ्या पश्चात्तापानंतरही हा माणूस आपल्या वर्तनाचा दोष बापाच्या मायेवर ठेवतो, हे वाचून मन विषण्ण होते.

पुढचे थोडक्यात सांगतो. राज्य तिघांत वाटून घ्यावे अशी इच्छा त्याने व्यक्त केली होती, तिला कोणी विचारले नाही. १७०७ च्याच जूनमध्ये आग्र्याजवळ जाजऊ येथे मुअज्जम व आझम समोरासमोर आले आणि आझम मारला गेला. १७०९ च्या आरंभी हैदराबादेजवळ कामबक्षही जखमी होऊन मेला. विजयी मुअज्जम बहादूरशहा या नावाने गादीवर बसला तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता. पाच वर्षांतच तो गेला आणि त्याच्याही मुलांत तेच युद्ध झाले. इकडे आझमने उत्तरेस जाताना शाहूंची सुटका केली. ते स्वदेशी आले तो काकू ताराबाईंचे सैन्य आडवे आले. १७०७ च्या ऑक्टोबरात याच भीमेवर खेड येथे मराठ्यांची मराठ्यांशी लढाई झाली. तेव्हा घरचे कलह फक्त परक्यांच्या घरात असतात असे समजण्याचे कारण नाही.

पेडगावाहून परतताना होडीत एका मुलाने आम्हांला विचारले, “फादर, मग चूक कोणाची? बापाची की पोरांची?” आम्ही लगेच उत्तर दिले नाही. शिरूर-दौंडच्या या भागात तीस वर्षांत आम्ही पुष्कळ घरे पाहिली. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, जमिनीला किंमत आली, आणि बांधावरून भाऊ भावाला बोलेनासे झाले. एका म्हाताऱ्याला आम्ही शेवटचा अभ्यंगविधी देण्यास गेलो होतो. उशाखाली सातबाराचा उतारा होता. दोन्ही मुले अंगणात, एकमेकांकडे पाठ करून उभी होती. म्हातारा आमच्या कानाशी म्हणाला, “आत कुणालाच बोलावू नका. एक आला की दुसऱ्याला संशय येतो.” त्या गृहस्थाने औरंगजेबाचे चरित्र वाचलेले नव्हते. पण वागला तसाच. त्या रात्री आम्ही हट्टाने दोघांनाही आत बोलाविले. काही चमत्कार झाला नाही. दोघे खाटेच्या दोन बाजूंना बसले, एवढेच. म्हाताऱ्याने दोघांचे हात धरले आणि पहाटे तो गेला. जमिनीचा वाद पुढे दोन वर्षे चालला, पण न्यायालयात गेला नाही.

त्या मुलाला आम्ही होडीत जे सांगितले ते येथे लिहून हा लेख पुरा करतो. चूक कोणाची याचा हिशेब इतिहास करीत राहील. परंतु औरंगजेबाने बापाच्या घरी जे केले ते त्याच्या मुलांनी पाहिले होते, आणि आपल्या मुलांनी ते पाहिले आहे हे त्याला मरेपर्यंत विसरता आले नाही. त्याचे सगळे आयुष्य त्या एका आठवणीच्या पहाऱ्यात गेले. उलट पन्हाळ्याला चालत जाणाऱ्या पित्यालाही भीती असेलच, रागही असेल. तरी तो गेला. मुलगा परत आला असता बापाने भेटावयास जाणे, एवढीच गोष्ट पुष्कळदा आपल्या हाती असते. पुढचे काळाच्या हाती. ज्यांचे वडील अद्याप हयात आहेत आणि ज्यांची मुले घर सोडून गेली आहेत, त्या दोघांनीही वेळ हातात आहे तोवर ती करावी.

होडी दौंडच्या तीराला लागली तेव्हा सांज झाली होती. पलीकडे बहादूरगडाचा तट अंधारात दिसेनासा झाला होता. त्या मुलाने पुन्हा काही विचारले नाही. पण घरी पोचल्यावर त्याने वडिलांना, पुष्कळ महिन्यांनी, आपण होऊन हाक मारली, असे त्याच्या आईने आम्हांला पुढच्या रविवारी सांगितले.